तासभर अंधार केला, तरी मीटर का थांबत नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: नाशिकच्या इंदिरानगर परिसरातील एका भगिनीने लिहिले आहे की, मार्चमध्ये ‘अर्थ अवर’ (तासभर दिवे बंद ठेवण्याचा जागतिक उपक्रम) पाळल्यानंतर त्यांच्या सोसायटीच्या कमिटीने दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री ८.३० ते ९.३० या वेळेत सर्व घरांतले, जिन्यातले आणि आवारातले दिवे बंद ठेवण्याचा ठराव केला. त्यांची आठवीतली मुलगी घरोघरी जाऊन सर्वांना आठवण करून देते. त्यांच्या पतींना हा सगळा देखावा वाटतो. सासूबाईंना अंधारात चालताना भीती वाटते, आणि ज्यांच्या खिडकीत उजेड दिसतो त्यांचे फ्लॅट क्रमांक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले जातात. काही महिने उलटूनही घरचे बिल कमी झालेले नाही. एप्रिल-मे महिन्यांत तर ते वाढलेच. ‘आपण वाचवलेली वीज खेड्यांना मिळते असे मुलीला शाळेत समजले आहे, ते खरे का? पुढच्या सभेत मी विरोध केला तर लेकीचा हिरमोड होईल, आणि गप्प राहिले तर मनाला पटत नाही. काय करावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या पत्रात विजेचा प्रश्न आहे आणि घरातल्या माणसांचाही. विजेचा हिशेब मांडला की दुसऱ्या प्रश्नाची धार बरीच कमी होईल, म्हणून आधी हिशेब करू.

समजा, संध्याकाळी तुमच्या घरात ९ वॅटचे सहा एलईडी बल्ब आणि २० वॅटच्या दोन ट्यूब एकाच वेळी चालू असतात. प्रत्यक्षात एवढे दिवे एकदम क्वचितच चालू असतात, पण तसे धरू. सर्वांची बेरीज ९४ वॅट होते, म्हणजे तासभर ते सगळे बंद ठेवल्यावर एक दशांश युनिटाहूनही किंचित कमी वीज वाचते आणि पैशांत ही बचत रुपयाच्या आसपास भरते. दर महिन्याला एक तास या हिशेबाने वर्षभरात सव्वा युनिटसुद्धा होत नाही. उलट नाशिकच्या थंडीत नळाचे पाणी २० अंशांच्या आसपास असताना अंघोळीची एक बादली कोमट करायला गिझर जवळजवळ अर्धा युनिट घेतो. म्हणजे एका माणसाच्या एका बादलीत तुमच्या घराची पाच शनिवारांची बचत खर्ची पडते. निफाडकडे पारा आणखी खाली जातो तेव्हा हे अंतर अजूनच वाढते. बिलात काही फरक दिसला नाही याचे तुम्हाला नवल वाटले, पण तो दिसणे शक्यच नव्हते.

याचा अर्थ ही मोहीम काढणारे खोटे बोलत होते असा होत नाही. ‘अर्थ अवर’ची सुरुवात ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाली आणि त्यामागे असलेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने हा उपक्रम प्रतीकात्मक असल्याचे स्वतःच वेळोवेळी सांगितले आहे. हवामानाच्या प्रश्नाची आपल्याला काळजी आहे हे लोकांनी एकाच वेळी दाखवून द्यावे, एवढाच त्याचा हेतू आहे. सिडनीत त्या तासात वीजवापर सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे तेव्हा सांगितले गेले. पुढे दहा देशांतील सहा वर्षांच्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात सरासरी घट सुमारे ४ टक्के आढळली. मुंबईतही डिसेंबर २००७ मध्ये ‘बत्ती बंद’चा प्रयोग झाला होता. तो ६० वॅटच्या पिवळ्या बल्बांचा काळ होता आणि दिवा बंद करण्याला तेव्हा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त वजन होते. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली, स्वस्त एलईडी बल्ब घरोघर पोहोचले आणि घरच्या वीजवापरात दिव्यांचा वाटा आपोआप आकसला. दिव्यांच्या बाबतीत जे करायचे होते ते आपण बऱ्याच अंशी करून बसलो आहोत. मोहीम मात्र अजून दिव्यांवरच अडकली आहे आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे.

आता मुलीच्या त्या समजाबद्दल. गंगापूर धरणातले आज न वापरलेले पाणी उद्यासाठी धरणात राहते. वीज तशी साठून राहत नाही. मागणी जेवढी, तेवढीच वीज त्या क्षणी तयार करावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल ढळला की वीजपुरवठ्याच्या साऱ्या जाळ्याची वारंवारिता (विजेची दर सेकंदाची आवर्तने) ५० हर्ट्झपासून वरखाली होऊ लागते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे बंद करण्याचे आवाहन झाले, तेव्हा मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. जाळे कोसळू नये म्हणून जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमी करावी लागली आणि लगेच पुन्हा वाढवावी लागली, आणि तासाभरात मागणी जवळजवळ होती तिथे परत आली. फक्त दिवेच बंद करा, पंखे-फ्रिज चालू ठेवा, असे सरकारने तेव्हा मुद्दाम सांगितले होते, ते याच कारणासाठी. त्या रात्री वीज कोणाकडे ‘पाठवली’ गेली नाही; तेवढ्या वेळापुरती ती निर्माणच झाली नाही.

आपल्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळशावर चालणारा असा संच एका तासासाठी विझवून पुन्हा पेटवता येत नाही. मागणी घटली की त्याचा भार थोडा खाली आणतात आणि कमी भारावर त्याची कार्यक्षमताही घसरते. कोळसा वाचतो, पण वाचलेल्या युनिटांच्या प्रमाणात पूर्ण वाचेलच असे नाही. खेड्यांचे म्हणाल, तर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला कृषिपंपाची वीज दिवसा आणि रात्री अशा ठरलेल्या पाळ्यांनी मिळते. बिबट्याच्या भीतीत रात्री पाणी भरायला जाणाऱ्या त्या माणसाची पाळी तुमच्या इंदिरानगरच्या अंधाराने दिवसाची होत नाही. ती व्हावी म्हणून शेतीच्या वाहिन्या सौरऊर्जेवर आणण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. मुलीला हे सारे सांगण्यासारखे आहे. आठवीतल्या मुलीला ते समजते आणि शाळेत ऐकलेल्या एका वाक्यापेक्षा ते कितीतरी अधिक रंजक आहे.

बिलाबद्दल आणखी थोडे. एप्रिलचे बिल फेब्रुवारीच्या बिलाशी ताडून पाहू नये, कारण उन्हाळ्यात पंखे, कूलर, एसी आणि फ्रिज या सर्वांचा वापर एकदम वाढतो. ते गेल्या वर्षीच्या एप्रिलशी ताडावे. रकमेपेक्षा युनिट पाहावेत, कारण रकमेत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क मिसळलेले असते आणि दरही मध्येच बदलतात. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बहुतेक जण पाहतच नाहीत. घरगुती दरांचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. पहिल्या टप्प्याचा दर सर्वांत कमी असतो आणि तो ओलांडला की पुढच्या युनिटांना तो बराच वाढतो. त्यामुळे तुम्ही वाचवलेले युनिट नेहमी तुमच्या वापरातल्या सर्वांत महाग टोकाचे असते. ही बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण बचतीचा फायदा लोकांना वाटतो त्यापेक्षा त्यामुळे जास्त होतो.

तासाभराच्या अंधारात काही घरे अशा गोष्टी करतात की, त्याने काहीच वाचत नाही किंवा वापर उलट वाढतो. मेन स्विच बंद करून इन्व्हर्टरवर पंखे चालवले, तर बॅटरी पुन्हा भरताना जाणाऱ्या विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जातो. फ्रिज तासभर बंद ठेवला, तर पुढच्या तासात कॉम्प्रेसर तेवढाच जास्त चालतो. मेणबत्त्यांचे सांगावेसेच वाटते. मेण पेट्रोलियमपासून बनते आणि एक मेणबत्ती तासाभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडते, तो कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या ९ वॅटच्या बल्बच्या वाट्याला येणाऱ्या कार्बनपेक्षा जास्त भरतो; उजेड मात्र त्या बल्बच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाही नसतो. पडद्याजवळ ठेवलेल्या मेणबत्तीने घर पेटण्याचा धोका वेगळाच.

जिन्यातले दिवे बंद करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. सासूबाईंची भीती रास्त आहे आणि त्यांच्या वयात एक पायरी चुकली तर किती महागात पडते हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. सभेत एवढा एकच मुद्दा मांडायची तुमची तयारी असेल, तर हा मांडा.

मग वीज खरोखर जाते कुठे? ते शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे आणि त्यासाठी तो शनिवारचा अंधाराचा तास चांगला उपयोगी पडतो. लेकीला सोबत घेऊन, हातात टॉर्च घेऊन पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत जा. तुमच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकताना दिसेल आणि त्याच्याजवळ ‘इम्प प्रति केडब्ल्यूएच’ (एका युनिटामागे दिवा किती वेळा लुकलुकतो) अशा अर्थाचा एक आकडा इंग्रजी अक्षरांत छापलेला असेल. बऱ्याच मीटरांवर तो ३२०० असतो, काहींवर वेगळा असतो. घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. त्या संख्येला ६० ने गुणून मीटरवरच्या आकड्याने भागा आणि आलेल्या उत्तराला १००० ने गुणा, की या क्षणी घर किती वॅट घेत आहे ते कळते. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८ वेळा लुकलुक झाली, तर घर १५० वॅट घेत आहे, आणि तेही सगळे दिवे बंद असताना! फ्रिजचा कॉम्प्रेसर मध्येच चालू-बंद होतो, म्हणून थोड्या थोड्या वेळाने दोन-तीनदा मोजावे. एवढे वॅट दिवसरात्र चालू राहिले, तर महिन्याला १०८ युनिट होतात. म्हणजे घरातले कोणी काही मुद्दाम न लावताच पहिला टप्पा ओलांडला जातो. त्यानंतर मुलीने घरात फिरून एकेक प्लग काढावा आणि दुसऱ्याने मीटरपाशी उभे राहून फोनवर आकडा सांगावा. रिमोटने ‘बंद’ केलेला सेट-टॉप बॉक्स अनेकदा चालू असताना घेतो जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतो. तो १० वॅट घेत असेल, तर वर्षाला ८७ युनिट होतात. महिन्यातून एकदाऐवजी अगदी दर शनिवारी दिवे बंद केले तरी वर्षाला पाच युनिटही वाचत नाहीत, हे इथे लक्षात ठेवावे.

यापुढचे बदल घराघराप्रमाणे वेगळे असतील, पण पंख्यापासून सुरुवात करावी असे मी कोणालाही सांगेन. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास. बारा तास, वर्षातले ३०० दिवस चालणाऱ्या एका पंख्यामागे १६० युनिटांच्या वर बचत होते. सगळे पंखे एकदम बदलण्याची घाई नको. सर्वांत जास्त फिरणारा, बहुधा बैठकीतला किंवा सासूबाईंच्या खोलीतला, आधी बदला. एसी असेल तर तो २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वर ठेवले की साधारण ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू करताच २४ अंशांवर येतात, ते यासाठीच. गिझर सकाळी सर्वांची अंघोळ एकापाठोपाठ उरकून बंद करावा. सोसायटीच्या गच्चीवर सौर बंब असतील तर ते खरोखर पाणी तापवतात का, हे एकदा वर जाऊन पाहा. क्षारांनी पाइप गच्च झाल्यामुळे नुसतेच उन्हात उभे असलेले बंब आपल्या शहरात कमी नाहीत.

वेळेचेही महत्त्व आहे आणि या एका बाबतीत रात्री ८.३० चा तास निवडणाऱ्यांची जाणीव योग्य होती, असे मला वाटते. सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते आणि नेमकी तेव्हाच घरोघरची मागणी चढते. म्हणून धुण्याचे मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे संध्याकाळऐवजी दिवसा उरकणे उपयोगाचे आहे. ज्यांच्याकडे टीओडी (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे) मीटर बसले आहेत अशा घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलतही ठेवली आहे. तुमच्या बिलावर ती दिसते का पाहा.

आता घरातला प्रश्न. लेकीचा हिरमोड होईल असे तुम्ही गृहीत धरले आहे, पण तिला उपक्रमातले नेमके काय आवडते, हे तुम्ही तिला विचारले आहे का? दारोदार जाणे, मोठ्यांनी आपले ऐकणे, आपण काहीतरी उपयोगाचे करतो आहोत ही भावना, यांतले काहीही काढून घ्यायची गरज नाही. तिला उपक्रम बंद कर म्हणू नका. मीटर वाचायला शिकवा आणि तिच्या हाती अधिक खरे काम द्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना अर्धे खरे सांगून उत्साही ठेवणे मला पटत नाही. पुढे कधीतरी ते त्यांना कळतेच, आणि मग पर्यावरणाच्या साऱ्याच गोष्टींवरचा त्यांचा विश्वास उडतो. तुमच्या पतींचे निरीक्षण आकड्यांपुरते बरोबर आहे, पण ‘देखावा’ म्हणून ते तिथेच थांबतात. पंख्यांचा हिशेब आणि सेट-टॉप बॉक्सचा प्लग ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपवा. ज्याला एखादा उपाय अपुरा वाटतो, त्याने पुरेसा उपाय हाती घ्यावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

फ्लॅट क्रमांक जाहीर करण्याची पद्धत मात्र ताबडतोब थांबायला हवी. त्या घरात कोणी आजारी असेल, कोणाचा दुसऱ्या दिवशी पेपर असेल, कोणी एकटी वृद्ध व्यक्ती असेल, आणि त्यांना ते सर्वांना सांगायचे नसेल. शिवाय खिडकीतला उजेड हे वापराचे मापही नाही. अंधाऱ्या खिडकीमागे दोन एसी चालू असू शकतात.

सभेत विरोधाचा ठराव मांडण्यापेक्षा दुरुस्ती मांडा. शनिवारचा तास राहू द्यावा, सहभाग ऐच्छिक असावा, जिना, लिफ्ट आणि प्रवेशद्वार यांना त्यातून वगळावे, आणि त्या तासात इच्छुक घरांनी आपले मीटर मोजावे. सोबत सोसायटीच्या सामाईक मीटरचा विषय काढा, कारण तिथे खरी रक्कम दडलेली असते. समजा, जिन्यात आणि पार्किंगमध्ये ९ वॅटचे ४० दिवे रात्री दहा तास जळतात. तेवढ्यानेच वर्षाला १३०० युनिट होतात. माणसाची चाहूल लागल्यावर उजळणारे सेन्सर लावले तर यातला मोठा भाग वाचतो आणि सासूबाईंना पायरीवर उजेडही मिळतो. टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालूच राहतो का, तेही विचारा. ओसंडून वाया जाणारे ते पाणी महापालिकेने धरणातून उपसून, शुद्ध करून आणलेले असते आणि तुम्ही ते पुन्हा वीज खर्चून गच्चीवर चढवलेले असते. टाकीत आपोआप बंद होणारा फ्लोट स्विच बसवणे हे अगदी किरकोळ खर्चाचे काम आहे. गच्ची मोकळी असेल, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, आणि स्वतंत्र घराला ३ किलोवॅट व त्यापुढे कमाल ७८,००० रुपये. कमिटीने त्याची चौकशी करावी.

सभेला जाण्यापूर्वी सेक्रेटरींकडून सामाईक मीटरची मागील बारा महिन्यांची बिले मागून घ्या आणि त्यांतले युनिट एका कागदावर महिन्यानुसार उतरवून घ्या. ते काम लेकीने केले तर अधिक चांगले. सभेत तो कागद वाचून दाखवण्याची परवानगीही तिला अध्यक्षांकडून आधीच मिळवून द्या.